बॅगेचं कुलूप आणि इंग्रजी चिठ्ठी

(आपल्या रेडिओवर झालेलं भाषण)

मी तुमची सहयोगिनी बोलतेय. आज बचत नाही, हप्ता नाही, व्याज नाही. आज बोलायचंय कुलपाविषयी, आणि तेही विमानात जाणाऱ्या बॅगेच्या कुलपाविषयी.

कुणी म्हणेल, आपण एस.टी.नं जाणाऱ्या बायका, आपल्याला विमानाचं काय? पण जरा आठवून बघा. आपल्याच गटांतली कुणी लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेली, कुणी उमऱ्याला गेली, कुणी गटाचा माल घेऊन दिल्लीच्या प्रदर्शनाला गेली. विमान आता आपल्या गावापासून फार लांब राहिलेलं नाही. त्याची माहिती मात्र अजून लांब आहे. आणि माहिती नसली की काय होतं, ते एका घरात मी स्वतः बघितलं. त्या घरच्यांना विचारूनच सांगतेय.

आमच्या एका गटातल्या मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला राहून आल्या. परत येताना लेकीनं सगळ्यांसाठी काहीबाही दिलं होतं. बॅगेला मावशींनी घरून नेलेलं पितळी कुलूप लावलं. मुंबईला भाच्यानं बॅग पट्ट्यावरून उचलून जीपमध्ये टाकली. रात्रभर प्रवास झाला. पहाटे बॅग माजघरात ठेवली आणि मावशी झोपल्या. उठून बघतात तर बॅगेला कुलूप नाही! आतल्या घड्या विस्कटलेल्या, लेकीनं नीट बांधून दिलेल्या पिशव्या उघडलेल्या.

घरात त्या वेळी कोण होतं? फक्त सून.

मावशी तोंडानं काही बोलल्या नाहीत. पण सामान सुनेसमोर उघडायचं बंद झालं. बॅग कॉटखाली गेली. सून चहा ठेवायची, मावशी तो गार होऊ द्यायच्या. असे आठ दिवस गेले. मग एका साडीच्या घडीतून एक छापील कागद निघाला. सगळा इंग्रजी. मावशी तो घेऊन बैठकीला आल्या आणि मला म्हणाल्या, "तू बी.ए. झालीयस, वाच बरं हे काय आहे. दंडबिंड तर नाही ना?"

तो कागद होता अमेरिकेच्या सुरक्षा खात्याचा. त्यात लिहिलं होतं की प्रवाशांच्या सुरक्षेसाठी कायद्याप्रमाणे बॅगांची तपासणी होते, तुमची बॅग उघडून तपासली आहे, बॅगेला कुलूप असेल तर ते तोडावं लागलं असेल, आणि त्या नुकसानीची जबाबदारी खात्यावर नाही. एवढंच. दंड नाही, आरोप नाही.

मी वाचून दाखवलं आणि बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. मावशींनी त्या महिन्याची बचत भरली, सही केली, कागदाची घडी करून कमरेला खोचली आणि निघाल्या. घरी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. सामान नंतर मोजलं तर सगळं जिथल्या तिथं होतं. नव्हतं ते फक्त कुलूप.

कुलूप शंभर-दीडशे रुपयांचं असेल. पण माहिती नसल्यामुळं त्या सुनेनं आठ दिवस जे सोसलं, त्याची किंमत कशी करायची? म्हणून आजचा विषय.

बॅग तपासतात ती कशासाठी?

विमानप्रवासात आपल्याजवळ दोन प्रकारचं सामान असतं. एक हातातलं, जे आपल्या सीटच्या वरच्या कप्प्यात किंवा पायाशी राहतं. दुसरं मोठी बॅग. ती आपण काउंटरवर वजन करून देतो. तिला चिठ्ठी चिकटवतात, ती पट्ट्यावरून आत जाते आणि उतरल्यावरच आपल्याला परत दिसते. मधल्या वेळात तिचं काय होतं ते आपल्याला दिसत नाही. तपासणी होते ती तिथं.

याच्यामागं फार दुःखाचा इतिहास आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' नावाचं विमान कॅनडाहून भारताकडं येत होतं. आयर्लंडजवळ समुद्रावर असताना त्यात स्फोट झाला आणि ३२९ माणसं गेली. त्यात आपल्या देशातून तिकडं स्थायिक झालेली कुटुंबंच्या कुटुंबं होती, लहान मुलं होती. बॉम्ब एका बॅगेत होता. ज्याच्या नावावर ती बॅग दिली होती, तो माणूस विमानात बसलाच नव्हता. तीन वर्षांनी, डिसेंबर १९८८ मध्ये, स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर एक अमेरिकी विमान असंच बॅगेतल्या बॉम्बनं कोसळलं. विमानातली आणि खाली गावातली मिळून २७० माणसं मेली.

अशा घटनांमधून नियम आला की माणूस विमानात नसेल तर त्याची बॅगही जाणार नाही. म्हणून तर एखादा प्रवासी ऐनवेळी चढला नाही की त्याची बॅग शोधून खाली काढतात आणि विमानाला उशीर होतो. त्या वेळी आपण वैतागतो. पण त्या उशिरामागं कनिष्कची माणसं आहेत.

पुढं ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेत विमानं पळवून इमारतींवर आदळवली गेली. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी तिथं कायदा झाला आणि विमानतळांच्या सुरक्षेसाठी टी.एस.ए. नावाचं नवं सरकारी खातं आलं. मावशींच्या बॅगेतला कागद याच खात्याचा. २००२ संपता संपता तिथं विमानात चढणारी प्रत्येक बॅग तपासायला सुरुवात झाली.

प्रत्येक बॅग उघडतात असं मात्र नाही. बॅग यंत्रातून जाते आणि आतलं चित्र पडद्यावर दिसतं. नेहमीच्या एक्स-रे यंत्रात खाण्याचे पदार्थ, कापड, कागद नारिंगी रंगात दिसतात, धातू निळा दिसतो आणि मधल्या प्रकारच्या वस्तू हिरव्या. काही कळलं नाही, किंवा एखादा दाट, घट्ट गोळा दिसला, तरच बॅग बाजूला घेतात. आता आपल्या बायका काय नेतात? डब्यात ठासून भरलेले लाडू, वड्या, मसाल्याच्या पुड्या, त्याला वरून चार पदरी प्लास्टिक आणि चिकटपट्टी. पडद्यावर बसलेल्या माणसाला तो गोळा कशाचा आहे हे कसं कळावं? म्हणून तो उघडून बघतो. आपल्यावर संशय म्हणून नाही.

ते लाल खुणेचं कुलूप

अमेरिकेत बॅग उघडायची असेल तर प्रवाशाला बोलावत नाहीत. तो समोर नसतानाच उघडतात. कुलूप असेल तर कटरनं तोडतात. सुरुवातीला तर तिथं लोकांना सांगितलं होतं की बॅगेला कुलूपच लावू नका. मग २००३ च्या शेवटी एक नवं कुलूप बाजारात आलं. त्याला दोन वाटा असतात. आपण आकडे जुळवून उघडायचं, आणि खाली एक किल्लीचं भोक असतं, त्याची किल्ली तपासणी खात्याकडं असते. त्यांनी उघडायचं, बघायचं, परत लावायचं. कुलूप शाबूत राहतं.

आता आपल्याकडं मिळणाऱ्या कितीतरी बॅगांना हे कुलूप आधीच बसवलेलं येतं. त्यावर लाल चौकट उभी केल्यासारखी खूण किंवा लाल मशालीची खूण असते. भोकाजवळ बारीक अक्षरांत टी.एस.ए. आणि ००७ असा काही आकडा असतो. एका ताईनं मला विचारलं, "या भोकाची किल्ली दुकानदारानं दिलीच नाही, फसवलं का?" नाही ताई, फसवलं नाही. ती किल्ली आपल्यासाठी नसतेच. आणि तो ००७ म्हणजे आपला उघडायचा नंबरही नाही. ती कोणत्या किल्लीनं उघडेल, त्याची खूण आहे.

आपला नंबर आपण स्वतः लावायचा. नवीन कुलूप साधारणपणे शून्य-शून्य-शून्यवर येतं. बाजूला एक बारीक बटण असतं, ते पेनच्या टोकानं दाबायचं आणि आपले तीन आकडे लावायचे. प्रत्येक कंपनीची रीत थोडी वेगळी असते, म्हणून सोबतचा कागद वाचून घ्या किंवा शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. नंबर लावताना बॅग रिकामी आणि उघडी ठेवा. दोनदा लावून, दोनदा उघडून बघा, मगच सामान भरा. एक-दोन-तीन किंवा तिन्ही सारखे आकडे नकोत.

कुलूप म्हणजे तिजोरी नाही

हे मात्र पदराला गाठ मारून ठेवा. तीन आकड्यांचं कुलूप असलं की एकूण एक हजारच जोड्या होतात. निवांत बसलेला माणूस एकेक करून सगळ्या लावून बघू शकतो. अमेरिकेच्या खात्याकडच्या किल्ल्यांचा फोटो २०१४ मध्ये तिथल्या एका मोठ्या वर्तमानपत्रात छापून आला आणि पुढच्या वर्षी लोकांनी त्या फोटोवरून हुबेहूब किल्ल्या तयार केल्या. आणि कुलपाला हात कशाला लावायचा? साध्या चेनच्या बॅगेत पेनचं टोक खुपसलं तर चेन मधूनच उसवते. आतलं काढून चेनची बोंडं पुन्हा फिरवली की चेन होती तशी बंद.

मग कुलूप लावायचं कशाला? बॅग फेकाफेकीत उघडू नये म्हणून. येता-जाता कुणी सहज हात घालू नये म्हणून. एवढंच त्याचं काम. मौल्यवान वस्तूंची राखण कुलपावर सोपवायची नाही.

माझीच चूक

दुसऱ्याचं सांगितलं, आता माझं सांगते. दिल्लीला प्रदर्शन होतं, चार गटांचा माल होता. जड माल घेऊन कोषाध्यक्ष ताई आणि दोघीजणी रेल्वेनं पुढं गेल्या. माझं विमानाचं तिकीट आलं होतं. माझ्या बॅगेत चटण्यांच्या पाकिटांची लेबलं, पावतीपुस्तकं आणि थोडा माल. बॅगेला कुलूप लावलं आणि आपल्या गटाचा नियम पाळला. पेटी एकीकडं, किल्ली दुसरीकडं! किल्ली ताईंच्या बटव्यात रेल्वेनं दिल्लीला निघून गेली.

त्यात मी आणखी एक करून ठेवलं होतं. दोन पॉवर बँक बॅगेत खाली टाकल्या होत्या.

मी आत जाऊन बसले. थोड्या वेळानं भोंग्यावर कुणाचं तरी नाव पुकारायला लागले. इंग्रजी उच्चारात माझंच नाव होतं, ते मला तिसऱ्यांदा कळलं. गेले. कर्मचारी म्हणाला, बॅगेत पॉवर बँक आहे, उघडून काढा. आपल्याकडं साधारणपणे असंच असतं, प्रवाशाला बोलावून त्याच्यासमोर बॅग उघडायला लावतात. मी म्हटलं, किल्ली नाही. शेवटी कुलूप कापलं, पॉवर बँक बाहेर आल्या, पण तोवर वेळ गेला होता. मी विमानात चढले आणि बॅग मागं राहिली. ती रात्रीच्या विमानानं आली.

पहिला दिवस असाच गेला. पाकिटावर लेबल नाही, लेबलाशिवाय परवाना क्रमांक नाही, मग चटणी विकायची कशी? गोधड्या तेवढ्या मांडून बसलो. चटण्या कांडणाऱ्या बायकांनी रात्री फोन करून विचारलं, "ताई, आज किती खपलं?" मला सांगवेना. पण सांगितलं. चूक माझी होती, ती पुढच्या बैठकीत वहीतही लिहिली.

म्हणून नियम असा करूया. गटाच्या पेटीची किल्ली दुसरीकडं, पण विमानाच्या बॅगेची किल्ली जिच्या नावावर बॅग आहे तिच्याच हातातल्या पर्समध्ये. आणि विमानतळावर बसल्यावर भोंग्याकडं कान ठेवायचा, आपलं नाव वेगळ्या उच्चारात येईल हे धरून.

कुठलं सामान कुठं?

*हातातल्या पिशवीत:* पैसे, दागिने, कागदपत्रं, रोजची औषधं आणि त्यांची चिठ्ठी, घरांच्या किल्ल्या, मोबाइल. पॉवर बँक आणि सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या हातातच, मोठ्या बॅगेत कधीही नाही. या बॅटऱ्या तापून पेट घेऊ शकतात. माणसांजवळ पेटली तर विझवता येते, खाली सामानात पेटली तर कुणाला लवकर कळतही नाही. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे. आपली १०,००० ची पॉवर बँक साधारण ३७ भरते आणि २०,००० ची ७४, म्हणजे दोन्ही चालतात. आकडा पुसलेली मात्र अडवू शकतात.

*मोठ्या बॅगेत:* विळी, सुरी, कात्री, स्क्रू-ड्रायव्हर असं धारदार-टोकदार सगळं. लोणचं, तूप, तेल, काकवीसुद्धा यातच, नीट झाकण लावून आणि दोन पिशव्यांत घालून. परदेशी जाताना हातातल्या पिशवीत पातळ वस्तूची एकेक बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. आख्खा नारळही हातात सहसा नेऊ देत नाहीत.

*दोन्हीकडं नाही:* काडेपेटी, लायटर, फटाके, रॉकेल, गॅसची छोटी टाकी, कापूर. आणि जे ऐकून सगळ्यांना नवल वाटतं ते म्हणजे सुकं खोबरं! खोबऱ्याच्या वाट्यांत तेल भरपूर असतं, त्या दाबून ठेवल्या की आपोआप तापू शकतात. म्हणून विमानाच्या नियमांत खोबरं पेट घेणाऱ्या मालात धरलंय. बाळंतिणीसाठी म्हणून वाट्यांची पिशवी भरून नेऊ नका, काढून ठेवतील.

*परदेशी जाताना आणखी दोन गोष्टी:* आखाती देशांत जाणारीनं खसखस नेऊ नये. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात तिच्यावर बंदी आहे. दिवाळीचे अनारसे पाठवणाऱ्या आयांनी हे खास लक्षात ठेवावं. अमेरिकेत उतरल्यावर खाण्याच्या वस्तू आहेत का असं विचारतात. तिथं खरं सांगायचं. सांगितलं तर फार तर एखादी वस्तू ठेवून घेतात. लपवलं आणि सापडलं तर दंड होतो. ताजी फळं, बियाणं, मटण-मासळीचे पदार्थ नेऊच नका.

आणि कुणी कितीही ओळखीचं असलं तरी "एवढी पुडी तेवढी माझ्या पोराला द्या" म्हणून शिवून-चिकटवून दिलेलं पार्सल घ्यायचं नाही. उघडून दाखव, मग नेते, असं म्हणायचं. राग आला तर येऊ दे. बॅग आपल्या नावावर असते, आतलं जे काही निघेल त्याचा जबाबही आपल्यालाच द्यावा लागतो.

बॅग उघडलेली, तुटलेली किंवा हरवलेली निघाली तर

बॅग पट्ट्यावरून उचलली की तिथंच बघा. कुलूप आहे का, चेन फाटलीय का, वजन कमी वाटतंय का. मावशींच्या भाच्यानं हे बघितलं असतं तर त्या घरातले आठ दिवस वाचले असते. काही वेगळं दिसलं तर विमानतळाच्या बाहेर पडायच्या आधी त्याच विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत मागून घ्या. बॅग देताना मिळालेली छोटी चिठ्ठी जपून ठेवा, तिच्यावरच्या नंबरानं बॅग शोधतात.

परदेशी प्रवासात बॅगेचं नुकसान झालं असेल तर ७ दिवसांत आणि बॅग उशिरा मिळाली असेल तर २१ दिवसांत कंपनीला लेखी कळवावं लागतं. देशातल्या देशात बॅगेसाठी कंपनीची जबाबदारी प्रवाशामागं जास्तीत जास्त २०,००० रुपयांपर्यंत धरलेली आहे. म्हणजे बॅगेत दोन तोळ्यांचं गंठण ठेवलं आणि गेलं, तर त्याची भरपाई मिळेल अशी आशा धरू नका. मौल्यवान वस्तू मोठ्या बॅगेत ठेवू नका, असं कंपन्यांच्या नियमांत आधीच लिहिलेलं असतं.

घरून निघताना करायच्या चार गोष्टी सांगते. बॅग बंद करायच्या आधी आतल्या सामानाचा मोबाइलवर फोटो काढा. आत एका कागदावर आपलं नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा. मुठीला रंगीत चिंधी बांधा, म्हणजे सारख्या दिसणाऱ्या पन्नास बॅगांत आपली ओळखता येईल. आणि लाल खुणेचं कुलूप नसेल तर चेनच्या बोंडांना प्लास्टिकची बारीक पट्टी आवळा, वायरी बांधायला वापरतात ती. ती दहा रुपयांत मिळते. कुणी तोडली तर लगेच कळतं, आणि तपासणीवाल्यांनी कापली तरी आपलं नुकसान नाही.

तपासणीला घाबरायचं कारण नाही, हेही सांगते. आपल्या देशात विमानतळावर बाईची झडती बाईच घेते, पडद्याआड. यंत्र वाजलं तर ते बांगडीमुळं, जोडव्यामुळं वाजलेलं असतं. थांबायचं, विचारतील ते सांगायचं, पुढं जायचं. समजलं नाही तर "हिंदीत सांगा" किंवा "मराठीत सांगा" म्हणायला लाजायचं नाही.

येत्या बैठकीला एक काम करूया. ज्यांच्या घरी आकड्यांच्या कुलपाची बॅग आहे त्यांनी ती घेऊन या. नंबर कसा लावायचा ते सगळ्याजणी हातानं करून बघू. मावशींनीही यायचं कबूल केलंय. मागच्या महिन्यात त्या आणि त्यांची सून दोघी बरोबरच बैठकीला आल्या. ती इंग्रजी चिठ्ठी सुनेनं आता देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवलीय म्हणे. कशासाठी, असं मी विचारलं. ती हसली आणि म्हणाली, "पुन्हा कधी लागली तर असावी."

चला, भेटूया बैठकीत. नमस्कार.